सिद्धी, सिध्दी, सिद्धि : नावांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

समजा, इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात एका घरी मुलगी झाली. घर शेळगावचे असले तरी जन्म गावात झालेला नसण्याचीच शक्यता जास्त. बाळंतपण बारामतीच्या नाहीतर इंदापूरच्या दवाखान्यात होते, आणि पहिलेच असेल तर आईच्या माहेरी, म्हणजे कदाचित दुसऱ्याच तालुक्यात. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९चा कायदा सांगतो की जन्म जिथे झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद व्हावी आणि ती एकवीस दिवसांच्या आत कळवावी. त्यामुळे मुलीचा पहिला सरकारी कागद जिथे तयार होतो तिथे तिच्या घरच्यांना ओळखणारे बहुधा कोणी नसते. दवाखाना जन्म कळवतो तेव्हा नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, कारण बारसे व्हायचे असते. बाराव्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते : सिद्धी. इथवर नाव म्हणजे नुसता आवाज. त्याला अक्षरे नंतर मिळतात, आणि प्रत्येक टेबलावर निराळी मिळतात.

जन्मदाखल्यावर 'सिध्दी' छापून येते, कारण टंकताना द आणि ध यांची अदलाबदल झाली. अंगणवाडीच्या वहीत 'सिद्धी'. आधारच्या अर्जात नाव रोमन लिपीत भरले जाते. डी एक की दोन, शेवटी आय की दोन ई, हे भरणाऱ्याच्या सवयीवर. त्यावरून यंत्र देवनागरी रूप सुचवते ते 'सिद्धि' निघू शकते, हिंदी वळणाचे. शाळेच्या जनरल रजिस्टरात गुरुजींनी ऐकले ते. आजीसाठी ती 'सिधे' असते, पण आजीचे रूप कोणत्याच कागदावर येत नाही. कागदावरची सगळी रूपे वाचणारा एकाच तऱ्हेने वाचतो.

मग या फरकाने काही बिघडते का? आईवडिलांना हा प्रश्न पडतो, शाळेच्या लिपिकाला पडतो, अंकशास्त्र सांगणाऱ्याचा तर त्यावर संसार चालतो. नावांच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत याच प्रश्नाने करावेसे वाटते. तो दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याचा धागा ओढत गेले की लिपी, व्याकरण, जमीन, जात आणि सरकार असे सगळेच हाती येते. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो : नाव कसे लिहिले यावरून त्या मुलीच्या नशिबाबद्दल काहीही कळत नाही, ते कोणी, कोणत्या लिपीत आणि कोणासाठी लिहिले याबद्दल मात्र पुष्कळ कळते.

वाद जुना आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, तो जवळजवळ याच रूपात सापडतो. व्याकरण का शिकावे याची जी प्रयोजने पतंजली मोजतो त्यांत मुलाचे नाव ठेवणे हेही एक आहे. नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावे, ते घोषवर्णाने सुरू व्हावे, मध्ये अंतःस्थ असावा, अक्षरे दोन किंवा चार असावीत, ते कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे, असे याज्ञिकांचे मत तो देतो आणि विचारतो की व्याकरणावाचून कृत् आणि तद्धित कळणार कसे? पण खरी मौज पुढे शिवसूत्रांच्या चर्चेत आहे. 'ऌ' हा वर्ण सूत्रात घ्यायचे कारणच काय, असा प्रश्न निघतो. त्यावर एक उत्तर येते : कोणी आपल्या मर्जीने मुलाचे नाव 'ऌतक' ठेवले तर? दुसरी शक्यता : एका बाईला 'ऋतक' म्हणायचे होते, जीभ वळली नाही आणि 'ऌतक' निघाले, तिची नक्कल करून दाखवायची तर तो वर्ण लागणारच. प्रतिपक्ष म्हणतो, न्याय्य रूप 'ऋतक' आहे, तेच मानावे. हौसेने वेगळे लिहिणारा, चुकून वेगळे बोलणारा आणि दुरुस्त करा म्हणणारा असे आजचे तिघेही तिथे हजर आहेत.

याच ग्रंथात काही ऋषींची गोष्ट येते. ते 'यद्वा नः, तद्वा नः' म्हणायच्या जागी 'यर्वाणः, तर्वाणः' म्हणत. लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. पण यज्ञात मात्र ते तसे बोलत नसत. घरातले रूप वेगळे, विधीतले वेगळे. यज्ञाच्या जागी आज तहसील कार्यालय ठेवले की झाले.

मराठीत हा गोंधळ खास मराठी पद्धतीने होतो. आपल्या बोलण्यात इ-ई आणि उ-ऊ यांच्या लांबीने सहसा अर्थ बदलत नाही. लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. शब्दाच्या शेवटी स्वर लांबतो, शेवटच्या अकारान्त अक्षराच्या आधीही लांबतो. म्हणून मराठी कानाला 'सुनील', 'नितीन', 'स्वप्नील' असेच ऐकू येते. संस्कृतला विचारावे तर 'सुनील' दीर्घ, कारण त्यात नील आहे. 'अनिल' ऱ्हस्व, कारण तो वारा. 'प्रवीण' आणि 'प्रतीक' दीर्घ, 'अजित' ऱ्हस्व. बोलताना सगळे सारखेच लांबतात. मूळ शब्द ठाऊक असल्याशिवाय वेलांटी जमत नाही, आणि कानावर भरवसा ठेवणाऱ्याला इथे कानच दगा देतो. पोरगा 'प्रविण' असे लिहीत मोठा होतो, दहावीच्या प्रमाणपत्रावर तसेच छापले जाते, आणि तिथून पुढे ती चूक राहत नाही, त्याचे नाव होते. शुद्धलेखनाचा शिक्षक वर्गात काहीही सांगो, नामाभ्यासकाने 'प्रविण' हेच लिहून घ्यायचे. 'श्रुती'ची 'श्रृती' आणि 'प्रतीक्षा'ची 'प्रतिक्षा' झालेल्या मुली प्रत्येक शाळेत सापडतील. त्यांना चुकीच्या ठरवून अभ्यासाला काहीच मिळत नाही.

नियमही स्थिर नसतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि व्यक्तिनामांच्या शेवटचे इकार-उकार मराठीत दीर्घ झाले : 'हरि' जाऊन 'हरी', 'विष्णु' जाऊन 'विष्णू'. जुन्या दस्तात हरि आणि नव्यात हरी दिसला म्हणून माणसे दोन होत नाहीत. अर्थात पुष्कळ कुटुंबांनी नियमाची पत्रास ठेवली नाही, तेही ध्यानात ठेवावे.

त्याही मागे मोडी आहे, आणि इथे इंदापूर तालुक्याला एक वेगळा मान द्यावा लागतो. १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीची जी नवी पाहणी हाती घेतली ती याच तालुक्यात. मुंबई इलाख्याच्या रयतवारी जमाबंदीचा पुढे तोच नमुना ठरला. शेताला क्रमांक, क्रमांकापुढे आकार, आकारापुढे खातेदार. रयतेची नावे पेशवाईच्या कागदांतही होतीच, पण या जोडणीने एकेक नाव जमिनीच्या एकेका तुकड्याला बांधले गेले. गावपातळीवरचे दप्तर मोडीत लिहिले जाई. मोडीत शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, शब्द तोडायची रीत नाही, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद साधारणपणे पाळत नाहीत. म्हणजे 'विठु' की 'विठू' हा प्रश्न मूळ कागदावर उभाच राहत नाही. तो उभा राहतो मोडीचे बालबोधीत लिप्यंतर करताना, आणि तिथली वेलांटी लिप्यंतर करणाऱ्याची असते, मूळ कारकुनाची नसते. जुन्या नोंदीच्या छापील नकलेवरून उच्चाराबद्दल सिद्धान्त मांडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

या कागदांना अलीकडे नवे वाचक मिळाले. २०२३मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. कुणबी नोंदींच्या शोधात गाव नमुना १४ (गावची जन्म-मृत्यू नोंदवही), शाळांची जुनी रजिस्टरे, मोडी दस्त असे सगळे बाहेर निघाले, आणि मोडी वाचता येणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मराठा आरक्षणाच्या या वादात कोणाची बाजू घेणे हे या प्रस्तावनेचे काम नाही. नामाभ्यासाला त्यातून दिसले ते असे : पणजोबा एका कागदावर 'रामा', दुसऱ्यावर 'रामजी' आणि तिसऱ्यावर 'रामचंद्र' असेल, तर तो एकच माणूस होता हे वंशावळीत सिद्ध करावे लागते. जुन्या नमुना चौदात तर बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच. बापाचे नाव असते, आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'.

आता रोमन लिपीकडे. तिथे पहिला बळी ळ-चा. शेळगाव रोमन अक्षरांत एल लावून लिहायचे आणि तिकडून परत देवनागरीत आणायचे, की 'शेलगाव' हाती येते; आणि त्या नावाची गावे राज्यात वेगळी आहेतच. काळे हे आडनाव उत्तरेच्या बँकेत 'काले' होते. ऋ-ची कथा जास्त रंगतदार. आपण तो 'रु' म्हणतो, उत्तरेत 'रि'. म्हणून पुण्याचा क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड रोमनमध्ये आर-यूने सुरू होतो. 'अमृता', 'कृष्णा', 'ऋचा' यांच्या स्पेलिंगमधला यू पाहून माणूस मराठी असावा असा अंदाज बांधता येतो. (गुजराती आणि तेलुगू मंडळीही तिथे यू लावतात, तेव्हा अंदाजच.) ज्ञ मराठीत द्न्य, हिंदीत ग्य आणि संस्कृत पद्धतीने ज-ञ. त्यामुळे ज्ञानेश्वर हे नाव रोमनमध्ये डीखाली, जीखाली आणि जेखाली अशा तीन ठिकाणी विखुरते. हृषीकेशचे हाल आणखी वेगळे. मूळ शब्द 'हृषीक' म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश. पण कान 'रुषी' ऐकतो, मन ऋषी समजते आणि बारशाच्या पत्रिकेवर 'ऋषिकेश' छापले जाते. रोमनमध्ये मग एच किंवा आर, पुढे आय किंवा यू.

नावे आवाजावरून शोधायची एक युक्ती अमेरिकेत रॉबर्ट रसेल याने काढली आणि १९१८ साली तिचे पेटंट मिळवले. ती 'साउंडेक्स' म्हणून ओळखली जाते. सारख्या आवाजाच्या नावांना एकच सांकेतांक मिळतो, त्यामुळे स्पेलिंग हुकले तरी माणूस सापडतो. पण या युक्तीत नावाचे पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवतात. इंग्रजी नावांना ते पुष्कळदा चालून जाते. आपला ज्ञानेश्वर आणि हृषीकेश तिथेच निसटतात. व-साठी कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू, तेही निसटतात. मराठी नावांच्या आवाजाची चाळणी मराठी ध्वनिव्यवस्थेवरच उभी करावी लागेल, आणि संगणक शिकलेल्या एखाद्या तरुण वाचकाने हे काम अंगावर घ्यावे अशी माझी उघड इच्छा आहे. देवनागरीतच राहिलो तर सुटलो, असेही नाही. 'ॲना' हे नाव घ्या. युनिकोडमध्ये 'ॲ' या अक्षराला २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी अ-वर चंद्र चढवून ते लिहीत आणि आजही कोणी तसे लिहितात. डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळी माणसे.

हौसेच्या स्पेलिंगांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून थोडे. पंचांगाची जुनी रीत आवाजाची आहे. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांच्या एकशे आठ चरणांना एकेक अक्षर वाटून दिले आहे; अश्विनीला चू, चे, चो, ला. आर्द्रेच्या एका चरणाला ङ येतो, हस्ताला ण, उत्तराभाद्रपदेला ञ. ङ-ने सुरू होणारे नाव आणायचे कुठून? तिथे पळवाट काढावीच लागते आणि ती काढली जाते. अंकशास्त्र मात्र आवाजाकडे पाहत नाही, रोमन अक्षरे मोजते. ते लोकप्रिय करणाऱ्यांत कीरो या नावाने लिहिणारा विल्यम जॉन वॉर्नर हा आयरिश गृहस्थ मोठा. आपली विद्या आपण कोकणातल्या गुरूकडे शिकलो असे तो सांगे. 'आरव'च्या सुरुवातीला ए दोन लावले काय आणि तीन लावले काय, देवनागरीत ढिम्म बदल होत नाही. त्या जादा अक्षराने कोणाचे भाग्य उघडल्याचा पुरावा नाही, हे स्पष्ट म्हणावे. तरी अभ्यासकाने हसून पुढे जाऊ नये. ज्या घरात कोणी इंग्रजी बोलत नाही तिथेही मुलाचे 'खरे' नाव रोमन अक्षरांतले मानले जाऊ लागले आहे, ही गेल्या काही दशकांतली मोठी सामाजिक घटना आहे, आणि तिचा माग या जादा ए-मधूनच लागतो.

सरकारने नावांना हात घातल्याची उदाहरणे जगात पुष्कळ. फ्रान्समध्ये १८०३च्या कायद्याने ठरावीक वर्तुळातलीच नावे ठेवता येत. हे बंधन १९९३मध्ये खऱ्या अर्थाने सुटले. आइसलँडमध्ये १९९१पासून नामसमिती आहे आणि आइसलँडिक लेखनपद्धतीत न बसणारे नाव ती नाकारू शकते. आपल्याकडे अशी समिती नाही. नावाचे शेवटचे रूप माहितीभरणी करणाऱ्या मुलाच्या कळफलकावर ठरते, आणि त्याला घाई असते.

स्पेलिंगचा विचार करताना प्रमाण सुटू नये म्हणून दोन गोष्टी. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी धाडले, तर दलित आणि मुस्लिम ओळखीच्या नावांना बोलावणे कमी आले. नाव आयुष्यात आडवे येते ते असे. वेलांटीमुळे नव्हे, वाचणाऱ्याच्या मनात ते जात किंवा धर्म सांगते म्हणून. दुसरी गोष्ट शेजारच्या सातारा जिल्ह्यातली. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून 'नकुशा', 'नकोशी' अशी नावे मिळालेल्या २८५ मुलींचे ऑक्टोबर २०११मध्ये जाहीर समारंभात पुन्हा नामकरण झाले. कोणी नकुसा लिही, कोणी नकुशी. लिहिण्याच्या त्या फरकाला काय किंमत होती? धोंडू, दगडू, केरू ही नावेही वरवर तशीच दिसतात, पण ती मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. हेतू उलटा. नावाचा अर्थ कोशात पाहून भागत नाही तो यासाठीच.

मग स्पेलिंग कुठे आडवे येते? रांगेत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मूळ पुरावा ठरला. म्हणजे आजच्या सिद्धीच्या दाखल्यावरचा 'ध्द' तिच्या आईच्या दाखल्यावरच्या चुकीपेक्षा लांबवर जाणार. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्राने आईचे नावही घातले : मुलाचे, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. निर्णय चांगला, उशिरा आला इतकेच. पण त्याने नामाभ्यासाला एक नवा प्रश्नही दिला. लग्नात तांदळात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहायची रीत आपल्याकडे होती, अजून पुरती गेलेली नाही. आईची माहेरची कागदपत्रे एका नावाची आणि सासरची दुसऱ्या नावाची असतील, तर मुलीच्या नावात यातली कोणती आई येते? शाळेत विद्यार्थ्याचा 'अपार' क्रमांक काढताना रजिस्टरातले नाव आधारशी जुळावे लागते, आणि आधारवरचे नाव जन्मात दोनदाच बदलून मिळते. सातबारावरचा हस्तदोष महसूल संहितेच्या १५५ कलमाखाली दुरुस्त होतो, जन्मनोंद तिच्या कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली, आणि सज्ञान माणसाचा नावबदल राजपत्राच्या दुसऱ्या भागात छापावा लागतो. तीन दारे, तीन अर्ज. आईवडिलांनी विचारलेच तर माझे उत्तर एवढेच असते : एक रूप ठरवा, देवनागरीत आणि रोमनमध्ये, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि नोंदीच्या खिडकीशी ती पुढे करा. तोंडी सांगू नका.

अभ्यासकाला उलट तोंडी आणि लेखी दोन्ही हवे. शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी हा टापू घेतला तर साहित्य रस्त्यावरच आहे. ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे दप्तर तर आहेच. शिवाय देवळाच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या फरश्या, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, घरांवर कोरलेली 'निवास' आणि 'कृपा', तुकोबांच्या पालखीच्या दिवसांत लागणारे स्वागताचे फलक, आणि उसाच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागे रंगवलेली मुलांची नावे. पेंटरने लिहिलेले नाव फार मोलाचे असते, कारण त्याच्यामागे ना नियमावली असते ना यंत्र. मालकाने सांगितले आणि त्याने ऐकले. उतरवून घेताना एकही वेलांटी सुधारू नये. शेजारी तारीख, जागा, लिपी आणि लिहिणारा कोण, एवढे टिपावे, आणि जमल्यास त्याच मुलाचे नाव घरातली मोठी माणसे कसे उच्चारतात तेही ध्वनिमुद्रित करावे.

सुरुवात कुठून करावी असे विचारणाऱ्याला मी ट्रॉल्या सुचवतो. त्यांच्यावर मुलींची नावे कोणत्या साली दिसू लागली, एकटी की भावाच्या नावाला जोडून, आणि देवनागरीतून रोमनमध्ये आधी कोण गेले, मुलगा की मुलगी, हे जुन्या फोटोंवरून आणि पेंटरांच्या आठवणींवरून अजून लावता येईल. रंग उडालेल्या ट्रॉल्या भंगारात जायच्या आत ते करावे लागेल.